स्क्रोल फ्रेमवरील कापड वारंवार सैल पडते तेव्हा

स्क्रोल फ्रेमवर, म्हणजे दोन गोल दांड्यांवर कापड गुंडाळून ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीवर, भरतकाम करणाऱ्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. कापड चांगले ताणून कामाला बसावे आणि दोन-चार ओळी भरून होतात न होतात तोच ते मध्ये झोल खाऊ लागावे. मग दांड्यांच्या टोकांचे नट आवळायचे, पुन्हा काही टाके घालायचे, पुन्हा नट आवळायचे. असे करता करता टाक्यांचा ताण एकसारखा राहत नाही, क्रॉस स्टिचची घरे कुठे उभट तर कुठे पसरट दिसू लागतात, आणि तयार झालेला नमुना फ्रेमवरून उतरवल्यावर चुरमडलेला निघतो.

नट आणखी आवळणे हा यावरचा पहिला उपाय असतो आणि बहुतेक वेळा तोच शेवटचाही ठरतो. वरून सैलपणा एकाच प्रकारचा दिसत असला तरी त्यामागची कारणे अगदी वेगवेगळी असतात आणि नट आवळण्याचा उपाय त्यांपैकी फक्त एका कारणावर लागू पडतो. इतर ठिकाणी तो निरुपयोगी तर असतोच, शिवाय लाकूड दाबले जाऊन आणि आटे झिजून फ्रेमचे आयुष्यही कमी होते. म्हणून हात नटाकडे जाण्याआधी कापड नेमके कुठे आणि का सैल पडते आहे हे ओळखणे अगत्याचे आहे.

पुढील विवेचनात घोळ होऊ नये म्हणून फ्रेमच्या भागांची नावे ठरवून घेऊ. ज्या दोन आडव्या गोल दांड्यांवर कापड गुंडाळले जाते त्यांना रोलर म्हणू. त्या दोघांना अंतरावर धरून ठेवणाऱ्या डाव्या-उजव्या लाकडी पट्ट्यांना बाजूच्या पट्ट्या म्हणू. रोलरवर स्टेपलने किंवा खिळ्यांनी बसवलेली जी कापडी पट्टी असते आणि जिला आपले कापड शिवले जाते ती टेप. काही फ्रेममध्ये टेपऐवजी रोलरलाच लांब चीर असते आणि कापडाची कड तिच्यात सरकवली जाते. त्या प्रकाराविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

पेन्सिलच्या रेघेची चाचणी

कापड हवे तितके ताणून चारही नट आवळावेत. मग रोलरच्या टोकावरून बाजूच्या पट्टीवर जाणारी एक बारीक सरळ रेघ पेन्सिलने ओढावी. रेघेचा अर्धा भाग रोलरवर आणि अर्धा पट्टीवर यायला हवा. अशा रेघा चारही कोपऱ्यांत ओढून नेहमीप्रमाणे काम करावे आणि कापड सैल वाटू लागताच नटांना हात न लावता त्या रेघा पाहाव्यात.

रेघ मोडलेली दिसली, म्हणजे तिचे दोन्ही तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर रोलर फिरला आहे आणि दोष त्याच्या पकडीत आहे. रेघ जशीच्या तशी अखंड असेल आणि तरीही कापड सैल असेल, तर नटांचा काही दोष नाही. कापड शिवण्याची पद्धत, त्याचे धागे, बाजूंचा ताण किंवा दांडीचा वाक यांपैकी कशात तरी गडबड आहे. इतकी साधी तपासणी सहसा कोणी करत नाही आणि त्यामुळे निर्दोष नट महिनोन्महिने आवळले जातात.

रेघ मोडली असेल तर

रोलर फिरू न देण्याचे काम केवळ घर्षण करते. नट आवळला की रोलरचे टोक बाजूच्या पट्टीवर दाबले जाते, आणि त्या दोन लाकडी पृष्ठभागांमधील घर्षण कापडाच्या ओढीपेक्षा जास्त असेल तोवर रोलर जागेवर राहतो. हे घर्षण कमी होण्याचे एक अगदी साधे कारण म्हणजे त्या जागी लागलेले मेण, पॉलिश किंवा तेल. नवी फ्रेम गुळगुळीत पॉलिश केलेली असेल तर नेमक्या स्पर्शाच्या जागेवरचे पॉलिश बारीक सँडपेपरने घासून काढावे, आणि रोलर व पट्टी यांच्यामध्ये रबराची किंवा चामड्याची पातळ चकती घालावी. पकडीत पडणारा फरक हाताला लगेच जाणवतो. नटाखाली धातूचा रुंद वॉशरही असावा, म्हणजे नट लाकडात रुतत नाही आणि दाब सगळीकडे सारखा पडतो.

नट आवळण्याच्या रीतीकडेही लक्ष द्यावे. नट फिरवताना तो रोलरलाही आपल्याबरोबर थोडा ओढतो. रोलरच्या एका टोकाला ही ओढ कापड घट्ट करण्याच्या दिशेने असते, तर दुसऱ्या टोकाला नेमकी उलट. त्यामुळे दोन्ही नट व्यवस्थित आवळूनही हाती आलेला ताण आवळण्याच्या क्रियेतच निसटतो. एका हाताने रोलर मध्यावर घट्ट धरून ठेवावा आणि दुसऱ्या हाताने नट फिरवावा. फ्रेम मोठी असेल तर रोलर धरण्यासाठी दुसऱ्या कुणाची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

कधी नट आवळताना तो फिरतच राहतो आणि घट्ट होत नाही. अशा वेळी रोलरच्या टोकात बसवलेला बोल्टच लाकडात सुटा झालेला असतो. तो पूर्ण बाहेर काढून भोकात लाकडाचा गोंद घालावा, भोक सैल झाले असल्यास आगकाडीएवढी लाकडाची कपची सारून बोल्ट पुन्हा पिळावा आणि किमान 24 तास फ्रेमला हात लावू नये.

पकडीबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. काम सुरू करताना जी फ्रेम उत्तम धरते तीच निम्मे काम झाल्यावर सैल पडू लागते, आणि फ्रेम जुनी झाली असा समज होतो. खरे कारण रोलरवर साठलेल्या कापडात आहे. रोलरला फिरवू पाहणारा जोर कापडाच्या ताणावर जसा अवलंबून असतो तसाच तो गुंडाळीच्या जाडीवरही अवलंबून असतो. 25 मिलिमीटर व्यासाच्या दांडीची त्रिज्या 12.5 मिलिमीटर असते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या कापडाचे 10 वेढे तिच्यावर बसले की ती 17.5 मिलिमीटर होते. कापडाचा ताण तेवढाच ठेवला तरी रोलरवरचा पिळण्याचा जोर आता 40 टक्क्यांनी वाढलेला असतो, आणि नटाची पकड मात्र पहिल्याइतकीच राहते. म्हणून लांबलचक कापडावर काम करायचे असेल तर चकत्या आणि वॉशर पहिल्या दिवसापासूनच घालावेत, आणि कापड गरजेपेक्षा लांब असेल तर नको असलेला भाग कापून मगच ते चढवावे.

रेघ अखंड आहे, तरी कापड सैल आहे

अशा वेळी सैलपणा कापडाच्या कोणत्या भागात आहे ते पाहावे. फ्रेम उजेडाकडे धरून कापडाकडे तिरप्या नजरेने पाहिले की कोणता भाग ताठ आहे आणि कुठे लाटा उठल्या आहेत हे स्पष्ट दिसते.

एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरकी सुरकुती जात असेल तर कापड तिरके शिवले गेले आहे. विणलेल्या कापडाचे उभे आणि आडवे धागे त्यांच्या दिशेने फारसे ताणले जात नाहीत, पण तिरक्या दिशेने तेच कापड भरपूर ताणले जाते. कापडाची कड धाग्याला समांतर नसेल, किंवा वरच्या टेपचा मध्य आणि खालच्या टेपचा मध्य एका रेषेत नसेल, तर ताण धाग्यांच्या दिशेने न जाता तिरका जातो. मग कितीही आवळा, एक कोपरा ताठ आणि दुसरा ढिला अशीच स्थिती राहते. क्रॉस स्टिचमध्ये हा दोष सर्वांत लवकर उघडा पडतो, कारण चौकोनी घरे समांतरभुज होतात.

यावर नटांचा उपाय नाही. कापड उसवून पुन्हा शिवावे लागते, आणि हे काम टाळण्याची इच्छा कितीही झाली तरी टाळू नये. प्रथम कापडाच्या वरच्या आणि खालच्या कडेजवळून एकेक आडवा धागा ओढून काढावा. त्या जागी उमटणाऱ्या रेषेवरूनच कड कापावी, कारण दुकानात कापलेली कड धाग्याला धरून असेलच असे नाही. मॅटी किंवा दुसुतीसारख्या कापडात धागे मोजता येतात, त्यामुळे धागा न ओढताही सरळ रेषा सापडते. मग कड एक-दोन सेंटिमीटर दुमडून दोन्ही कडांचा मध्य घडी घालून ठरवावा आणि तेथे खूण करावी. दोन्ही टेपांचे मध्यही मोजून घ्यावेत. टेप कारखान्यात थोडी सरकून बसवलेली असू शकते, म्हणून टेपची लांबी मोजून भागत नाही. बाजूच्या पट्ट्यांच्या आतल्या कडांमधील अंतर मोजून त्याचा मध्य टेपवर नव्याने खुणावा.

शिवताना मध्यापासून सुरुवात करून आधी एका बाजूला आणि मग पुन्हा मध्यापासून दुसऱ्या बाजूला जावे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिवत गेल्यास कापड हातागणिक किंचित पुढे सरकते आणि शेवटच्या टोकाला जमा होते. दोरा जाड आणि पक्का घ्यावा. साधा धावदोरा येथे पुरत नाही, कारण ताण आला की तो सरकतो. दर काही टाक्यांनंतर उलटी टीप घालावी, किंवा कडेवरून वळणारे जवळजवळचे तिरके टाके घालावेत. कापडाचे उभे धागे, म्हणजे काठाला समांतर जाणारे धागे, शक्यतो एका रोलरकडून दुसऱ्या रोलरकडे जातील असे कापड लावावे. ते सहसा आडव्या धाग्यांपेक्षा कमी ताणले जातात आणि मुख्य ताण झेलण्याचे काम त्यांच्याकडेच असलेले बरे.

कापड चढवून झाल्यावर उघड्या भागाचे दोन्ही कर्ण टेपमापीने मोजावेत. ते सारखे असतील तर कापड काटकोनात आहे. फरक असेल तर बाजूच्या पट्ट्या हलक्या हाताने सरकवून तो आधी काढावा आणि त्यानंतरच पूर्ण ताण द्यावा.

बाजूंची दोरी

डावी-उजवी कड आत वळून कापड मधोमध कमरेसारखे निमुळते झाले असेल आणि कडांजवळ लाटा दिसत असतील, तर तेथे एक कारण अगदी ठामपणे सांगता येते. कापड विणताना उभे धागे आडव्यांच्या वर-खाली वळणे घेत जातात. रोलर फिरवून उभे धागे ताणले की ती वळणे सरळ होतात, त्यांच्या बदल्यात आडवे धागे जास्त वळतात आणि कापडाची रुंदी कमी होते. कापड जितके जास्त आवळावे तितके ते रुंदीत आकसते. म्हणजे केवळ रोलर घट्ट करून हा सैलपणा घालवण्याचा प्रयत्न केला तर तो वाढतो. स्क्रोल फ्रेम स्वतः फक्त एकाच दिशेने ताण देते, दुसऱ्या दिशेचा ताण आपल्याला द्यावा लागतो. माझ्या मते वारंवार सैल पडणाऱ्या कापडांपैकी बहुसंख्य कापडे याच एका उणिवेने सैल पडतात, आणि तरीही बाजू बांधण्याची पायरीच सर्वांत जास्त वेळा गाळली जाते.

बाजू बांधण्यासाठी कापडाची कड आणि बाजूची पट्टी यांच्यामध्ये तीन ते पाच सेंटिमीटर मोकळी जागा लागते, म्हणून कापडाची रुंदी आधीच त्या हिशेबाने ठेवावी. दोन्ही उभ्या कडा दुमडून शिवाव्यात किंवा त्यांना सुती ट्विल टेप, म्हणजे तिरक्या विणीची मजबूत पट्टी, जोडावी, नाहीतर दोरीची ओढ मोजक्या धाग्यांवर येऊन कड फाटते. रोलर निम्म्या ताणावर आणावेत. मग मजबूत दोरा मोठ्या सुईत ओवून कडेतून काढायचा, बाजूच्या पट्टीभोवती फिरवायचा, पुन्हा दोन-अडीच सेंटिमीटर पुढे कडेतून काढायचा, असे वरपासून खालपर्यंत जावे. दोऱ्याची दोन्ही टोके लांब सोडून पट्टीला सरकगाठीने बांधावीत, पक्की गाठ मारू नये. दोन्ही बाजू ओवून झाल्यावर मधल्या वेढ्यांपासून टोकांकडे दोरा ओढत जावे आणि डावी-उजवी बाजू आलटून पालटून घट्ट करावी, म्हणजे नमुना एका बाजूला सरकत नाही. त्यानंतरच रोलर पूर्ण ताणावर न्यावेत.

कापड पुढे सरकवताना दर वेळी ही दोरी सोडावी लागते आणि पुन्हा ओवावी लागते, हे खरे आहे. मोठ्या कामात हा वेळ द्यावाच, कारण त्यामुळे वाचणारा वेळ त्याहून कितीतरी जास्त असतो. लहान कामात किंवा वारंवार सरकवाव्या लागणाऱ्या नमुन्यात मजबूत चिमटे आणि रुंद इलॅस्टिक वापरून बाजू ओढून धरता येतात. चिमट्यांचे दात नाजूक कापडावर खुणा उठवतात, म्हणून त्यांच्याखाली कापडाची दुहेरी घडी ठेवावी.

मधला भाग सैल, कडा ताठ. किंवा त्याच्या उलट

कडा ताठ असून मध्येच झोल असेल तर रोलर वाकत असण्याची शक्यता मोठी आहे. रोलरवर एक सरळ पट्टी ठेवून पाहिली की मधली फट दिसते. दांडी जितकी लांब तितकी ती अधिक वाकते, आणि हे वाकणे लांबीच्या सरळ प्रमाणात नसते. दर सेंटिमीटरवरचा ताण आणि जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली तर वाक 16 पट होतो. त्यामुळे 30 सेंटिमीटरच्या रोलरवर जो ताण सहज चालतो तो तितक्याच जाडीच्या 60 सेंटिमीटरच्या रोलरवर मागू नये. कापडाच्या रुंदीला पुरेल एवढ्याच लांबीची फ्रेम घ्यावी, आणि रुंद काम असेल तर जाड दांड्यांची घ्यावी. हाती असलेली फ्रेमच वापरायची असेल तर रोलरचा ताण थोडा कमी ठेवून उरलेले काम बाजूंच्या दोरीवर सोपवावे.

मधला भाग ताठ आणि कडा ढिल्या असतील, शिवाय हे काम पुढे गेल्यावरच सुरू झाले असेल, तर गुंडाळलेला भाग तपासावा. भरलेला भाग कोऱ्या कापडापेक्षा जाड असतो, आणि त्यावर मणी, गाठीचे टाके किंवा भरीव पाने असतील तर फारच जाड असतो. नमुना मध्यावर असल्यामुळे गुंडाळी मध्ये फुगते, प्रत्येक फेऱ्यात मध्यावर जास्त कापड ओढले जाते आणि कडांवर कमी. रोलर मागे फिरवून भरलेला भाग उलगडावा आणि दोन्ही कडांवरील कोऱ्या भागाखाली मऊ, धुतलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या ठेवून गुंडाळी सपाट होईल अशी ती पुन्हा गुंडाळावी. भरलेल्या भागावरही असेच एक मऊ कापड ठेवले तर टाके चेपत नाहीत. मण्यांचे दाट काम मात्र रोलरवर गुंडाळण्याच्या लायकीचे नसते. त्यासाठी संपूर्ण नमुना एकाच वेळी उघडा राहील अशी मोठी फ्रेमच घ्यावी, किंवा मणी सर्वांत शेवटी शिवावेत.

चीर असलेल्या रोलरमध्ये कापड शिवावे लागत नाही, ही त्याची सोय आहे आणि कमजोरीही. कापडाची कड चिरेत सरकवून लगेच ताण दिला तर ती हळूहळू बाहेर येते. कड चिरेत घातल्यावर रोलरभोवती किमान एक पूर्ण वेढा, शक्य असल्यास दोन वेढे घेऊन मगच ताण द्यावा, म्हणजे ओढ चिरेपर्यंत पोचण्याआधीच कापडाच्या स्वतःच्या घर्षणात विरते. कापड पातळ असेल तर कडेला जाड सुती पट्टी शिवून ती पट्टी चिरेत घालावी.

उरलेल्या काही गोष्टी

नव्याने चढवलेले कापड पहिल्या तास-दोन तासांत थोडे सैल पडते, तो दोष नाही. ताणलेले धागे हळूहळू स्थिरावत असतात. कापड चढवून अर्धा तास तसेच ठेवावे, पुन्हा एकदा ताण द्यावा आणि मग पहिला टाका घालावा. हवेतील ओलावा बदलला की लाकूड आणि कापड दोन्हींची मापे किंचित बदलतात, म्हणून दर बैठकीच्या आरंभी ताण तपासण्याची सवय ठेवावी. काही दिवस काम थांबणार असेल तर नट थोडे ढिले करून ठेवणे कापडाच्या हिताचे आहे.

फ्रेम आणि कापड दोन्ही निर्दोष असूनही सैलपणा येत असेल तर हात कुठे टेकतो ते पाहावे. ताणलेल्या कापडावर मनगट टेकून काम केल्यास ते तेवढ्याच जागी दबत जाते. तसेच सुई एका झटक्यात खाली घालून पुढे वर काढण्याची, म्हणजे हातात धरलेल्या कापडावर टाका घालण्याची पद्धत येथे चालत नाही. त्यासाठी कापडाला वाक द्यावा लागतो आणि तो देताना ताण ढिला होतो. स्क्रोल फ्रेमवर सुई सरळ खाली घालून पूर्ण ओढून घ्यावी, मग खालून सरळ वर काढावी. फ्रेम स्टँडवर किंवा टेबलाच्या कडेला टेकवून दोन्ही हात मोकळे ठेवले, एक वर आणि एक खाली, तर ही पद्धत लवकर अंगवळणी पडते.

ताण किती असावा याला कापडानुसार मर्यादा आहे. कॅनव्हास आणि मॅटी बोटाने टिचकी मारल्यावर ठणठणीत वाजतील इतकी ताणता येतात. बारीक रेशमी किंवा विरळ विणीचे कापड तितके ताणल्यास त्याची छिद्रे मोठी होतात आणि फ्रेमवरून उतरवल्यावर कापड आकसून भरीव टाके लोंबतात. अशा कापडावर बोट हलकेच दाबले असता ते किंचित खाली जाऊन लगेच वर यावे, एवढाच ताण पुरे.

सैल कापडावर आधीच घातलेल्या टाक्यांचे काय करायचे हा प्रश्न राहतो. वर सांगितल्याप्रमाणे कापड नीट चढवून ताणल्यावर ते टाके पाहावेत. ज्या टाक्यांखाली कापड अजूनही गोळा झालेले दिसते ते उसवून पुन्हा घालावेत, कारण धुऊन किंवा इस्त्री करून ते सुधारत नाहीत. जेथे सुरकुती अगदी हलकी आहे तेथे काम पूर्ण होऊ द्यावे. दोरे आणि कापड दोन्ही सुती व पक्क्या रंगाचे असतील तर काम संपल्यावर नमुना ओला करावा, मऊ टॉवेलवर पालथा पसरावा, धाग्यांची दिशा सरळ करून चारही कडा गंज न चढणाऱ्या टाचण्यांनी ताणून टाचाव्यात आणि पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढू नयेत.